ऑईल बदलताना काळे तुकडे, एक चंदेरी कीस आणि चुंबकाला चिकटणारे कण: इंजिन उघडावं लागेल का?

भाट्ये_पूल:

गाडी १५० सीसी, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली, ५ गिअर. एकूण ४१,००० किमी. ऑईल १०डब्ल्यू-३०, जासो एमए२ (क्लच ऑईलमध्ये बुडालेल्या दुचाकींसाठीचा दर्जा). मागचं ऑईल ३,२०० किमी चाललं. रोजचा रस्ता रत्नागिरी ते गणपतीपुळे, आरे-वारेवरून, पावसातही.

इंजिन पाच मिनिटं गरम करून ऑईल घमेल्यात काढलं. अंदाजे ९०० मिली निघालं, भरताना १ लिटर भरलं होतं. रंग काळा, दुधाळ नाही. सापडलं ते असं:

१. ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी चिखल. बोटावर चोळला तर मऊ लागतो, टोचत नाही.
२. काळे कडक तुकडे, एकूण ५. सर्वात मोठा ४ मिमी लांब, जाडी १ मिमीच्या आसपास. चुंबकाला चिकटत नाहीत.
३. एक चंदेरी पिळदार कीस, १० ते १२ मिमी. हाही चिकटत नाही.
४. घमेल्याच्या तळाशी चिमूटभर काळसर कण. यातले बरेच चुंबकाला चिकटतात. काळजी याचीच जास्त वाटतेय.

सकाळी चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं डाव्या बाजूने खरखर येते, मग कमी होते. क्लच स्लिप होत नाही, गिअर नीट पडतात. काळे तुकडे क्लच प्लेटचे असावेत असं वाटतंय. नवीन ऑईल भरून चालवली तर चालेल का? गणपतीला गावी जायचंय, पंधरा दिवस हातात आहेत.

---

दहाबाराचा_पाना:

पंधरा दिवस पुष्कळ झाले. आज मात्र नवीन ऑईल भरू नका, आणि ऑईल नसताना स्टार्टर तर अजिबात मारू नका.

या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना एकच ऑईल असतं. त्यामुळे पिस्टन रिंगपासून किक शाफ्टपर्यंत कुठलाही तुकडा त्याच बोल्टमधून बाहेर येतो. तुमच्याकडे चार वेगळ्या वस्तू आहेत, त्यांची कारणंही चार असू शकतात. सगळं एकाच बिघाडावर ढकललं की चुकीची बाजू उघडली जाते आणि दोन गॅस्केटचे पैसे वाया जातात.

आधी क्रमांक १. तो राखाडी चिखल म्हणजे गिअर, चेन आणि रिंग यांच्या रोजच्या झिजेची बारीक भुकटी. मऊ आहे, टोचत नाही, म्हणजे ठीक. पुसा आणि विसरा.

क्रमांक ४ बद्दल: तुम्ही ऑईल घमेल्यात काढलंय. ते घमेलं आधी वाळू-सिमेंटसाठी वापरलेलं होतं का? हे विचारायचं कारण असं की रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही खनिजं असतात. मांडवीचा किनारा काळा दिसतो तो यामुळेच. मॅग्नेटाइट चुंबकाला चांगलं चिकटतं, इल्मेनाइट कमी पण जोरदार चुंबकाला तेही येतं. म्हणून आपल्या पट्ट्यात 'चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंड' हा नियम अर्धाच खरा. त्यात इंजिनाच्या खालच्या बाजूला खाऱ्या हवेने चढलेला गंज असतो. बोल्टवर पाना लावला की त्याच्या खपल्या घमेल्यात पडतात आणि त्याही चिकटतात.

तपासायचं कसं: कण पेट्रोलमध्ये दोनदा धुवा, पांढऱ्या कागदावर सुकवा. पेट्रोल बाजूला ठेवून एक-एक कण जाड लोखंडी पट्टीवर घ्या आणि हलक्या हातोडीने ठोका. पोलादाचा वा लोखंडाचा कण चपटा होतो, पसरतो किंवा पट्टीत रुततो. खनिजाचा कण फुटून त्याची काळी पूड होते. गंजाची पूड तांबूस होते. भिंगातून पाहिलं तर वाळूचा कण कडांना गुळगुळीत झिजलेला असतो. गिअरचा तुटलेला तुकडा तसा नसतो, तुटलेल्या बाजूला त्याची खडीसाखरेसारखी दाणेदार चमक दिसते.

वाळू निघाली तरी एक गोष्ट नक्की करून घ्या: ती घमेल्यातली की इंजिनातली? एअर फिल्टर काढा, फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या मधल्या रबरी नळीत ओलसर पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर खरखरीत काही आलं तर हवा फिल्टरला वळसा घालून आत जातेय. मग रिंग आणि बोअर झिजत असणार आणि विषय मोठा. फडकं स्वच्छ निघालं तर घमेलं दोषी.

पुढच्या वेळी बोल्टभोवतीचा भाग आधी रॉकेल आणि ब्रशने धुवून पुसा. ऑईल घ्यायला प्लास्टिकचा पांढरा टब वापरा. पांढऱ्यावर सगळं दिसतं.

---

घाटवळण:

क्रमांक ३ साठी ड्रेन बोल्ट हातात घ्या आणि त्याचे आटे भिंगातून बघा. दोन आट्यांच्या खाचेत चंदेरी धातू भरलेला दिसला तर कीस तिथलाच आहे. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. बोल्ट तिरका बसला किंवा लांब पान्याने गरम इंजिनवर जास्त आवळला गेला की मऊ आटे सोलले जातात, आणि सोललेला आटा असाच पिळदार निघतो. पिस्टन किंवा क्लचच्या झिजेतून निघणारं ॲल्युमिनियम चपट्या पापुद्र्यांचं किंवा चमकीचं असतं, ते स्प्रिंगसारखं कधी येत नाही.

ॲल्युमिनियमच आहे याची खात्री हवी असेल तर कॉस्टिक सोडा. काचेच्या वाटीत थोडं पाणी घ्या आणि पाण्यात चिमूटभर सोडा टाका. सोड्यावर पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घाला, काम अंगणात करा, जवळ विडी-काडी नको. तेल धुतलेला कीस त्यात टाकला की ॲल्युमिनियमला लगेच बुडबुडे येतात आणि तो विरघळू लागतो. पोलादाला काही होत नाही. वाटी काचेचीच हवी. घरचं ॲल्युमिनियमचं भांडं घेतलंत तर भांड्यालाच बुडबुडे येतील.

आटे का जातात तेही सांगतो, कारण हे टाळता येतं. ड्रेन बोल्टखालचा वॉशर एकदाच दबण्यासाठी असतो. जुना दबलेला वॉशर पुन्हा लावला की थेंब गळतो, गळतो म्हणून माणूस अजून आवळतो, आणि दोन-तीन वेळांत आटे संपतात. दर वेळी नवीन वॉशर लावा. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना २० ते ३० न्यूटन-मीटर पुरतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना घ्या, सुरुवातीचे चार-पाच आटे बोटांनी फिरवा, वॉशर टेकला की तिथून थोडंच दाबा.

आता बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत सरळ जातोय का ते बघा. जात असेल आणि आवळताना घट्ट होत असेल तर पुढे चला. गुळगुळीत फिरत राहिला तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायचे तारेचे नवे आटे. त्याआधी बोल्टचा व्यास आणि आट्यांचं अंतर मोजून घ्या, एम१२ गुणिले १.५ बऱ्याच गाड्यांत असतं पण गृहीत धरू नका. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून आटे पाडायचे, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. आतला बाकीचा कीस थोडं स्वस्त ऑईल वरून ओतून भोकातून वाहू द्यायचं. मोठा बोल्ट ठोकून नवे आटे पाडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. केसिंगला तडा गेला की केसिंगच बदलावं लागतं.

---

टॅपेट०८:

मुख्य गोष्ट क्रमांक २ आहे. बाकी दोघांनी सांगितलेलं बरोबर, पण त्या दोन वस्तू तुमची गाडी थांबवणार नाहीत. काळे तुकडे थांबवू शकतात.

क्लच प्लेटचे वाटत नाहीत. क्लचचं अस्तर तपकिरी-काळं, तंतुमय असतं, नखाने दाबलं की कुस्करतं, आणि इतकं निघायला लागलं की क्लच आधी स्लिप होतो. तुमचे तुकडे कडक आहेत. उरले तीन उमेदवार: टायमिंग चेनच्या (खालच्या क्रँकवरून वरचा कॅम फिरवणारी चेन) गाईडचं, म्हणजे चेन जिच्यावरून घसरते त्या पट्टीचं नायलॉन, रबर (डँपर किंवा ऑईल सील) आणि कुणीतरी सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन सीलंट.

एक तुकडा पेट्रोलमध्ये धुवून पूर्ण सुकवा. मग ऑईल-पेट्रोलपासून लांब, चिमट्यात धरून काडीवर जाळा. नायलॉन वितळतं, थेंब पडतो, आणि वितळलेल्या भागाला तार लावून ओढलं तर धागा निघतो. रबर काजळीचा काळा धूर करतं. सिलिकॉनची पांढरी राख उरते. क्लचचं अस्तर वितळत नाही, कडेने धुमसत जातं.

दुसरं, जाळण्याआधी सगळे तुकडे भिंगाखाली बघा. एका बाजूला दोन समांतर, चकचकीत रेघा आहेत का? चेनच्या बाहेरच्या पट्ट्या गाईडवर घासून अशा रेघा पाडतात. त्या दिसल्या तर जाळायचीही गरज नाही.

तुमची खरखर याच्याशी जुळते. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, चेन पोलादी. इंजिन तापलं की सिलिंडर चेनपेक्षा जास्त लांब होतो, ढिली चेन थोडी ताणली जाते आणि आवाज कमी होतो. टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची) टकटक वेगळी, ती एका लयीत चालते. चेनची खरखर विस्कळीत असते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्त ऐकू येते. चेन डावीकडे आहे का हे बघायला सिलिंडरच्या मागे टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) कुठल्या बाजूला बसलाय ते पाहा.

आणि जाळी काढा. ऑईल पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी असते. काही गाड्यांत खालच्या मोठ्या स्प्रिंगवाल्या टोपणामागे, काहींत उजवं क्लच कव्हर काढल्यावर सरकवून बाहेर येते. बाहेर आलेले ५ तुकडे म्हणजे आत राहिलेले किती, याचं उत्तर जाळीत आहे. जाळी निम्मी भरली की ऑईल कमी पडतं ते सर्वात आधी वर कॅम आणि रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), कारण ऑईलला सर्वात लांब तिथे जायचं असतं. खाली बेअरिंग ठणठणीत आणि वर कॅम खरवडलेला, हा प्रकार असाच होतो.

---

मालवणी_चाक:

जाळी काढताय तर उजवं कव्हर उघडल्यावर क्रँकच्या टोकावरचा सेंट्रिफ्यूगल फिल्टरही बघा, असेल तर. तीन-चार स्क्रूचं गोल झाकण असतं. फिरणाऱ्या डब्यात जड कण बाहेरच्या भिंतीला चिखलासारखे बसतात. लाकडी काडीने खरवडून तो चिखल कागदावर पसरवा. गेल्या कित्येक हजार किमीची हकिगत तिथे साठलेली असते. पितळी चमक भरपूर दिसली तर बुश किंवा बेअरिंगच्या पिंजऱ्याकडे संशय जातो.

कागदी फिल्टर असेल तर चाकूने कापा. हॅकसॉने नको, ब्लेडचाच चुरा आत पडतो आणि मग तो इंजिनचा समजून माणूस घाबरतो. कागदाच्या घड्या सुट्या करून दोन फळ्यांमध्ये दाबून ऑईल काढा, मग उजेडात बघा.

---

भाट्ये_पूल:

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे केलं.

कण: घमेलं बांधकामाचंच होतं. १४ कण ठोकले, १२ ची काळी पूड झाली, २ ची तांबूस. चपटा एकही झाला नाही. एअर फिल्टरपुढच्या नळीत फडकं स्वच्छ.

कीस: बोल्टच्या खालच्या दोन आट्यांत चंदेरी भरलेलं आहे. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जातो.

काळे तुकडे: तीन तुकड्यांवर समांतर रेघा स्पष्ट. एक जाळला, वितळला आणि धागा निघाला. जाळी खालच्या टोपणामागे होती. तिच्यात असेच आणखी ८ तुकडे, साधारण पाव जाळी झाकलेली. सेंट्रिफ्यूगल फिल्टर नाही, कागदी आहे. त्यात थोडी बारीक चमक, तुकडे नाहीत.

आता फक्त टेन्शनर बदलून भागेल का? तसं केलं तर हेड उघडावं लागणार नाही असं जवळच्या मेकॅनिकचं म्हणणं आहे.

---

टॅपेट०८:

भागणार नाही. नवीन टेन्शनर झिजलेल्या गाईडला आणखी जोरात दाबेल. नायलॉन आधीच तुटतंय, उरलेलं लवकर जाईल आणि मग चेन धातूच्या पाठीवर घासेल. तेव्हा जाळीत नायलॉन सापडणार नाही, ॲल्युमिनियम आणि पोलाद सापडेल.

बदलायचा संच: पुढचं गाईड, मागचं गाईड, टायमिंग चेन, टेन्शनर आणि त्याचं गॅस्केट, हेड गॅस्केट, टॅपेट कव्हरचा ओ-रिंग, मॅग्नेटो (क्रँकच्या टोकावरचं चुंबकांचं चाक) कव्हर गॅस्केट, ऑईल फिल्टर, ड्रेन वॉशर. ४१,००० किमी झालेत, म्हणून चेन जुनी ठेवू नका. कॅम आणि क्रँकच्या दोन्ही स्प्रॉकेटचे दात बघा, एका बाजूला हुकासारखे वाकलेले दिसले तर तेही बदला. नव्या चेनला जुने वाकडे दात लवकर खातात.

सामान्यतः पुढचं गाईड हेड काढल्यावर वर ओढलं की येतं. मागचं खाली एका बोल्टवर झुलत असतं, त्यासाठी मॅग्नेटो काढावा लागतो. मॅग्नेटोला योग्य पुलरच लावा. हातोडी मारली तर आतल्या चुंबकांना तडा जातो.

काम करणारा कुणीही असो, या चार जागी स्वतः उभे राहा.

एक, उघडण्याआधी पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर, म्हणजे सर्वात वरच्या जागी आणायचा. मॅग्नेटोवरची टी खूण केसिंगच्या खुणेला आणि कॅम स्प्रॉकेटची खूण हेडच्या कडेला. फोटो काढून ठेवा.

दोन, टेन्शनर निघाला की क्रँक फिरवायचा नाही. चेन एक दात जरी सरकली तरी टायमिंग बिघडतं, जास्त सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. कॅम स्प्रॉकेट सोडण्याआधी चेनला तार बांधून फ्रेमला अडकवा आणि चेनच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबा. स्प्रॉकेटचा बोल्ट खाली पडला तर तो शोधण्यात अर्धा दिवस जातो. आणि फडकं शेवटी बाहेर काढल्याचं मोजून बघा.

तीन, टेन्शनर बसवण्याआधी त्याचा दांडा पूर्ण आत घ्यायचा. स्क्रूवाला असेल तर मागचा छोटा बोल्ट काढून बारीक स्क्रूड्रायव्हरने आत फिरवतात, दातेरी असेल तर खटका दाबून ढकलतात. दांडा बाहेर असताना दोन बोल्ट आवळून तो जबरदस्तीने बसवला तर नवं गाईड पहिल्याच दिवशी वाकतं. बसल्यावर दांडा सोडायचा, मग क्रँक हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे. खुणा पुन्हा जुळल्या तरच कव्हर लावायचं. हाताला मधेच कडक अडथळा लागला तर तिथेच थांबायचं.

चार, सीलंट. गॅस्केट असेल तिथे सीलंट लागत नाही. जिथे मॅन्युअल सांगतं तिथे पातळ रेघ पुरते. बाहेर जेवढं पिळून येतं तेवढंच आतही येतं, सुटतं आणि त्याच जाळीत जाऊन बसतं.

सिलिंडर स्टडवरून वर उचलला गेला तर खालचं बेस गॅस्केटही बदलावं लागेल. त्यामुळे हेड काढताना एकाने सिलिंडर खाली दाबून धरावा.

---

दहाबाराचा_पाना:

एक भर. राहिलेले तुकडे काढायला रॉकेल किंवा डिझेल भरून इंजिन चालवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. तसं करू देऊ नका. रॉकेलचा थर बेअरिंगला पेलत नाही, आणि एरवी कोपऱ्यात शांत पडलेली घाण पातळ होऊन पंपाकडे जाते. त्यापेक्षा असं करा: इंजिन उघडं असतानाच हेड आणि चेनच्या पोकळीतून थोडं ऑईल ओता, ड्रेनमधून पांढऱ्या टबात येऊ द्या, दोन-तीनदा. सगळं बसल्यावर त्याच ग्रेडचं स्वस्त ऑईल १ लिटर, दोन-तीन मिनिटं नुसतं आयडलवर, रेस नाही. ते काढा, जाळी पुन्हा बघा, मग चांगलं ऑईल आणि नवीन फिल्टर.

कारचं ऑईल यासाठीही नको. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच प्लेट गुळगुळीत होतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हवंच.

जुनं ऑईल गॅरेजच्या पिंपात द्या. पऱ्ह्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, चिऱ्याच्या जमिनीतून पाणी झपाट्याने झिरपतं.

---

कातळवाट:

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या गाडीच्या ऑईलच्या काचेवर जुलैपासून पांढरट फेस दिसतो, पण तुकडे वगैरे काही नाही. रोजचा प्रवास ३ किमी.

---

घाटवळण:

३ किमीत इंजिन पुरेसं तापत नाही. पेट्रोल जळताना झालेली आणि दमट हवेतली वाफ आत थंडावून पाणी होतं आणि ते ऑईलमध्ये घुसळलं जातं. आठवड्यातून दोनदा सलग अर्धा तास चालवा. फेस फक्त काचेवर आणि भरायच्या टोपणाखाली असेल तर जाईल. ड्रेनमधून निघालेलं सगळंच ऑईल दुधाळ असेल तर पाणी बाहेरून शिरलंय: ब्रीदर नळी, ऑईल भरायच्या टोपणाचा ओ-रिंग, किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. शंका असेल तर जुन्या तव्यावर, तवा चांगला तापवून, एक थेंब टाका. पाणी असेल तर फोडणीसारखं तडतडतं, नसेल तर नुसता पसरतो. तोंड लांब ठेवा आणि चूल घराबाहेर.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी असेल तर किक मारायच्या आधी स्पार्क प्लग काढा आणि ऑईल बदला. हे २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर बऱ्याच जणांना उशिरा कळलं.

---

भाट्ये_पूल:

काम झालं. मागच्या गाईडच्या मधोमध २० मिमीचा भाग तुटलेला होता, धातूची पाठ दिसायला लागली होती. टेन्शनरचा दांडा जवळजवळ संपूर्ण बाहेर आलेला. स्प्रॉकेटचे दात ठीक, कॅमवर ओरखडे नाहीत. दोन फेरे हाताने फिरवून खुणा जुळल्या. धुण्याच्या ऑईलमध्ये आणखी २ तुकडे आले, त्यानंतर जाळी स्वच्छ. ड्रेन बोल्ट नवीन वॉशरसह २५ न्यूटन-मीटरला धरला, गळती नाही. सकाळची खरखर गेली.

सगळे तुकडे जुन्या गाईडच्या खाचेत जुळवून पाहिले. जाळलेला सोडूनही एक छोटा, ३ मिमीच्या आसपासचा, कमी पडतोय.

---

टॅपेट०८:

तो केसिंगच्या तळात कुठेतरी असेल किंवा चेनखाली दळला गेला असेल. जाळी शाबूत आहे, त्यामुळे पंपात जाणार नाही. ५०० किमीला ऑईल काढा, जाळी बघा. ऑईल स्वच्छ असेल तर तेच गाळून परत भरायचा मोह टाळा, नवीन भरा. टॅपेटचा गॅपही तेव्हाच थंड इंजिनवर तपासा, हेड उघडल्यावर तो बदलतो.